पठ्ठा कोणाचा

माझ्या हातून एका माणसाचं नाव चुकलं. चुकलं म्हणजे मी विसरलो असं नाही. नाव तोंडपाठ होतं, जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं. तेव्हा चुकलं म्हणणंही लबाडीचंच. मी ते चुकवलं. त्याहून वाईट हे की पुढची कित्येक वर्षं मीच लोकांना सांगत राहिलो, की त्याच्याच पोरानं मला दगा दिला.

दरवर्षी याच दिवसांत हे वर येतं. फाल्गुन सरत आला की आमच्या भागात हळद शिजायला लागते. रानारानांतून वाफेचे लोट उठतात. ओली माती, आंबूस लाकूड आणि दवाखाना एकत्र केल्यासारखा तो वास असतो. अंगणं पिवळी होतात, बैलांचे खूर पिवळे होतात, कुत्री पिवळ्या पायांनी ओसरीवर चढतात. माझी पिठाची गिरणी आहे आणि तिला चक्की एकच. कोणी वर्षाची हळद दळून नेली की त्याच्या मागून ज्याचा नंबर असतो, त्याच्या घरी दोन दिवस ज्वारीच्या भाकरी पिवळ्या होतात. बायका मला बोल लावतात, मी ऐकून घेतो. आणि अशाच एखाद्या दुपारी, वीज गेल्यानं गिरणी गप्प असताना, लांबच्या कुठल्यातरी गावाहून हलगी ऐकू येते. जत्रा सुरू झाल्या. कुस्त्यांचे फड सुरू झाले.

कुस्तीच्या फडात मी माईकवर बोलायला लागलो त्याला कारणही गिरणीच. घरघरीत ओरडून बोलायची सवय लागल्यानं माझा आवाज भोंग्याशिवायही शेवटच्या माणसापर्यंत जायचा. एका जत्रेत बोलणाऱ्याचा घसा बसला, कोणीतरी मला पुढं ढकललं आणि तेव्हापासून नरसीपासून वसमतपर्यंत हंगामभर बोलावणी यायला लागली. मागं गिरणी बायको सांभाळायची. 'पिठाचं कमी अन् तोंडाचं जास्त दळता,' असं ती म्हणायची.

लोकांना वाटतं, फडात बोलणारा नुसत्या जोडी पुकारतो. खरं काम असतं ते नाव लावण्याचं. पोरगं घरचं नाव घेऊन फडात उतरलं तर लोक तंबाखू मळत राहतात. त्यांची मान वर व्हायची तर नावाला काहीतरी धार असावी लागते. ही धार कशी लावायची, ते मी चुकत चुकत शिकलो. सुरुवातीला सगळ्यांना जनावरं वाटून टाकली. वाघ झाले, सिंह झाले. पण वाघ हरला की त्याची शेळी व्हायला वेळ लागत नाही. एका काटक पोराला मी मोठ्या हौसेनं 'चित्ता' म्हटलं. तो पहिल्याच डावाला पाठीवर पडला आणि मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, 'चित्ता चीत.' ते पोरगं पुन्हा त्या नावाला ओ देईना. दुसऱ्याला 'हिंगोली एक्स्प्रेस' केलं. तो लंगोट कसून यायला जरा उशीर झाला, तर म्हातारे विचारायला लागले, 'येऊन राहिली का पूर्णेच्या टेसनातच उभी हाये?'

म्हणजे नाव असं हवं, की हरल्यावरही ते अंगावर घालून घरी जाता यावं. हलगीच्या ठेक्यात बसावं, आणि तीन ठोक्यांहून लांब नसावं. शेवटच्या रांगेतल्या बिनदाताच्या म्हातारीलाही ते म्हणता यावं. फार मोठं नसावं, कारण मोठ्या नावाखाली लहान माणूस दिसत नाही. आणि त्यात त्या माणसाचं खरंखुरं काहीतरी असावं, चाल, खोड, एखादी सवय. नाहीतर नाव ढिल्या लंगोटासारखं ऐन वेळी घसरतं.

या सगळ्या कसोट्यांना उतरलेलं माझ्या हातचं नाव एकच. भिंगरी.

मिलिंद आमच्याच गावचा, भीमनगरातला. तेव्हा तो विशीत होता आणि मी पस्तिशी ओलांडलेली. अंगानं बारीक. पण कोणी त्याला खाली दाबला की तो त्याच्या पोटाखालून असा गरकन फिरून वर यायचा, की दाबणाऱ्याच्या मुठीत नुसती माती राहायची. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि माईकवरच तोंडून निघून गेलं, 'अरे, ही तं भिंगरी.' पोरांनी ते उचललं. कुस्ती संपेस्तोवर नाव बसलं होतं. बायकी नाव म्हणून कोणी हसलं तर तोही हसायचा. 'भिंगरीच बरी भाऊ,' म्हणायचा. 'वाघाला रोज मटण लागतं.'

तो हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम होता, हे मला आजही नाकारता येत नाही. माझ्या मोटारसायकलीवर मागं मिलिंद, त्याच्या मांडीवर लंगोटाचं गाठोडं आणि आईनं दिलेली भाकर. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं धावणारी पोरं. विहिरीवर थांबून आम्ही भाकर खायचो. तो ठेचा खाताना डोळे मिटायचा. सकाळी बापाला हळदीच्या कामात हात लावून तो निघायचा, त्यामुळं रात्री घरी आलो की माझ्या सदऱ्यावर खांद्यापाशी त्याच्या पिवळ्या बोटांचे ठसे असायचे. बायकोनं किती घासले तरी ते गेले नाहीत. तो सदरा मी अजून टाकलेला नाही, घालतही नाही.

याच हंगामात मी त्याचं एकेक काढून घेत होतो. तेव्हा मला वाटायचं, मी त्याला देतोय.

पहिल्यांदा गाव गेलं. आमच्या गावाचं नाव लांबलचक, भोंग्यातून नीट उमटत नाही. म्हणून मी 'डोंगरकड्याची भिंगरी' म्हणायला लागलो. काय सुरेख बसायचं ते हलगीवर. मिलिंद म्हणाला, 'भाऊ, डोंगरकडा आपल्यापासून किती लांब हाये.' मी म्हणालो, 'ठेक्यापासून जवळ हाये.'

मग आडनाव गेलं. नदीपलीकडच्या एका गावात जत्रेच्या कमिटीतल्या एकानं मला बाजूला घेतलं. 'पोराचं आडनाव काय म्हणले तुमी?' तो काय विचारून राहिला ते मला कळलं. असला प्रश्न आमच्याकडं आडनावासाठी कोणी विचारत नाही, जातीसाठी विचारतात. मी हसून म्हणालो, 'भिंगरीला कुठं आडनाव असतंय?' तोही हसला. कुस्ती ठरली. मी मनात स्वतःची पाठ थोपटली, की पोराला वाचवलं. मिलिंद मागंच उभा राहून लंगोट बांधत होता. परतताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. दमला असेल, असं मी धरून चाललो.

शेवटी उरलं ते सगळ्यात मोलाचं. आमच्याकडच्या फडात पहिलवानाचं नाव पुकारलं की लोक ओरडून विचारतात, 'पठ्ठा कोणाचा?' म्हणजे शिकवला कोणी. तेच त्याचं कूळ. मिलिंदला शिकवला होता त्याच्या बापानं, किसनकाकानं. किसनकाका हंगामात लोकांच्या हळदी शिजवायचा, एरवी मिळेल ते काम करायचा. तरुणपणी तो स्वतः लढलेला. घरामागं त्यानं हातानं माती खणून लहानसा आखाडा केला होता आणि संध्याकाळी कामावरून आला की पोराशी लढायचा. पोरगं बापाला पाडायला लागलं तेव्हा म्हणाला, 'आता बाहेर जा.'

गावात तालीम होती, पण ती दिगंबर वस्तादांची. वस्ताद माझ्या भावकीतले, नात्यानं चुलते. मिलिंद लहानपणी एकदा तिथं गेला होता. 'जागा न्हाई रे, पोरं लई झाली,' असं वस्ताद त्याला म्हणाले होते. तालमीत तेव्हा चार पोरं होती आणि एक शेळी बांधलेली होती. हे मिलिंदनंच मला हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

तरीही परगावच्या फडात 'पठ्ठा कोणाचा?' असं आलं की मी सांगायला लागलो, 'दिगंबर वस्तादांचा.' वस्तादांचं नाव आसपास माहीत होतं. किसन खंदारे हे नाव कोणाला माहीत नव्हतं. नावानं वजन पडतं, एवढंच माझं म्हणणं. वस्तादांच्या कानावर ते गेलं. त्यांनी नाकारलं नाही. उलट भेटल्यावर म्हणाले, 'बरं बोलतोस म्हणं आजकाल.'

मिलिंदनं एकदा विचारलं, 'भाऊ, मला त्याईनं कवा शिकवलं?'

'अरे, बोलायची एक रीत असती.'

'रीत तं बापाचं नाव घ्यायची बी असती.'

'घेऊ की. मोठ्या फडात घेऊ.'

मोठा फड आमच्याच गावचा. चैत्रातली जत्रा, आणि शेवटची कुस्ती मिलिंदची. त्या दिवशी सकाळी तो गिरणीत आला. पट्टा चालू होता, म्हणून मी मोटार बंद केली. तो म्हणाला, 'बाबा येणार हाये आज. कढई सोडता येत न्हाई म्हणून हंगामभर एकबी कुस्ती न्हाई बघितली त्यायनं. तुमी मला भिंगरी म्हणा, कायबी म्हणा. पण पठ्ठा कोणाचा ते आज बराबर सांगा.'

'सांगतो.'

'शप्पथ?'

'गिरणीची शप्पथ.'

तो हसला. 'मग खरंच सांगताल,' म्हणाला आणि गेला.

दुपारी फड भरला. बक्षिसाला नारळ असलेल्या लहान कुस्त्या झाल्या, मोठ्या झाल्या. लिंबाखाली किसनकाका उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, आणि पुढं बांधलेल्या हातांची नखं पिवळी. समोर खुर्च्यांत दिगंबर वस्ताद, फेटा बांधून. मी शेवटची जोड पुकारली. 'डोंगरकड्याची भिंगरी.' हलगी थांबली. नाव ऐकायला हलगी थांबते, तो मान नावाचा असतो. आणि चहूबाजूंनी आलं, 'पठ्ठा कोणाचा?'

मिलिंद माती कपाळाला लावायला वाकला होता. त्याचा हात मातीतच थांबला. वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यांनी काही धमकी दिली असती, डोळे वटारले असते, तर आज मला सांगायला काहीतरी राहिलं असतं. ते फक्त खुर्चीत जरा सरळ बसले. किसन खंदारे. पाच-सहा अक्षरं. ती माझ्या तोंडात होती. मी म्हणालो, 'आपल्या दिगंबर वस्तादांचा.'

टाळ्या पडल्या. मिलिंदकडं पाहायचं धाडस झालं नाही म्हणून मी लिंबाकडं पाहिलं. किसनकाका शेजारच्या माणसाला काहीतरी बोलला आणि वळला. गर्दीतून वाट काढत निघून गेला. काय बोलला ते त्या माणसानं मला नंतर सांगितलं. 'पाणी उकळत ठिवलंय, जातो.'

कुस्ती फार चालली नाही. मिलिंद त्या दिवशी भिंगरीसारखा फिरलाच नाही. सरळ पुढं गेला, समोरच्याचा एक पाय उपसला आणि त्याला पाठीवर टाकला. रीत अशी, की जिंकलेल्यानं वस्तादांच्या पाया पडायचं आणि वस्तादांनी फेटा बांधायचा. वस्ताद फेटा घेऊन उठले. मिलिंद त्यांच्यासमोरून लिंबाकडं गेला. तिथं कोणी नव्हतं. अंगावर मातीसकट तो त्या रिकाम्या जागेशी उभा राहिला. मग कपडे उचलून घरी गेला. फेटा वस्तादांच्या हातात तसाच राहिला, आणि मी माईकवर म्हणालो, 'लाजलं लेकरू.' लोक हसले. खोट्याला खोट्याचं ठिगळ लावायला मला एवढासाही वेळ लागला नाही.

पुढच्या हंगामात तो माझ्या मोटारसायकलीवर बसला नाही. वसमतकडच्या एका फडात मी नुसता बघायला गेलो होतो, तिथं तो दिसला. माईकवर दुसराच कोणी होता. त्यानं पुकारलं, 'मिलिंद किसन खंदारे.' पठ्ठा कोणाचा, असं आल्यावर म्हणाला, 'वडिलांचाच.' ते ठेक्यात बसलं नाही. एक शिट्टी वाजली नाही. मी गर्दीत उभा राहून मनातल्या मनात जळलो. नाव मी दिलं, गावोगाव मी नेलं, आणि हा मला न सांगता नाव उतरवून मोकळा झाला. दगा, दुसरा शब्दच मला सुचेना. मग गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला मी ऐकवायचो, 'भिंगरी मी फिरवली, अन् ती माझ्याच अंगावर आली.' वाक्य चांगलं जमलं होतं. माझं दुःखही मी असं ठेक्यात बसवून घेतलं होतं.

मिलिंद आणखी काही हंगाम लढला, मग नोकरीला लागून नांदेडला गेला. गावी आला की वाटेत भेटायचा. 'जय भीम, भाऊ,' म्हणायचा आणि पुढं जायचा. रागावून थांबला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि किसनकाका. तो माझ्याच गिरणीत दळण आणत राहिला. डबा ठेवायचा, 'बारीक दळ' म्हणायचा आणि बाहेर दगडावर बसायचा. इतकी वर्षं. त्याच्या डब्यातली ज्वारी मी चक्कीत ओतत होतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला त्याच्या पोरानं केलेला दगा सांगत होतो. मोटारीच्या आवाजात त्याला ऐकू जात नसेल, असं मी समजत होतो. माझा आवाज भोंग्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जातो, हे मीच वर लिहिलं आहे.

यंदा हंगामाच्या तोंडावर माझ्या पोरानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी फडाचा. चित्र दुसरीकडचं, पण आवाज माझा. माझीच शब्दांची फेक, माझाच 'बोला मंडळी'. खाली नाव मात्र दुसऱ्याच बोलणाऱ्याचं. लोकांनी त्याचं कौतुक केलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर गिरणीत मी तेच बोलत होतो. जीव तोडून बोललो मी, अन् नाव भलत्याचं. माणसानं इतकं बेइमान काहून व्हावं. बायको सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, 'दुसऱ्याचं नाव लावलं तं एवढं लागतं व्हय?'

मी चक्कीच्या पट्ट्याशी खटपट करायला लागलो.

'किसनकाकाचा डबा आलाय,' ती म्हणाली. 'बारीक दळायचंय.'

तो डबा मी स्वतः घेऊन भीमनगरात गेलो. किसनकाका आता थकलाय. अंगणात उन्हाला बसून तो हळकुंडं मोडून निवडत होता. मी डबा ठेवला आणि उभाच राहिलो.

'काका, चुकलं माझं.'

'दळण?'

'दळण न्हाई.'

'मग?'

'त्या दिवशी फडात.'

'कोणत्या दिवशी?' त्यानं वर पाहिलं नाही. माझ्या लक्षात आलं, की त्याला सगळं आठवतंय आणि ते मला माझ्या तोंडानं सांगावं लागणार आहे. मी सांगितलं. गावापासून सुरुवात केली, आडनाव सांगितलं, शपथ सांगितली, वस्तादांचं सांगितलं, 'लाजलं लेकरू' म्हणालो तेही सांगितलं. गिरणीत जे बोलत आलो तेही. मध्येच घरातून कोणीतरी पाणी ठेवून गेलं. काका हळकुंडं मोडत राहिला. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना खण्ण वाजतं. माझं बोलणं संपल्यावरही ते वाजत होतं.

'मला काहून सांगून राहिला, गजानन?' तो शेवटी म्हणाला. 'पोरगं कोणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं. ज्यायला खोटं सांगितलं, त्यायला सांग.'

मी निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, 'अन् आज पीठ जाडं झालंय.'

मिलिंदला मी फोन केला नाही. त्याला बोलावून सगळ्यांसमोर माफी मागायची, म्हणजे मी पुन्हा त्यालाच फडात उतरवल्यासारखं झालं असतं. नावाचे मी इतके नियम केले, त्यात एक राहून गेला होता. आपण दिलेलं नाव माणसाच्या आधीच्या नावावर बसता कामा नये, त्याच्या शेजारी बसावं.

परवा आमच्या गावचा फड झाला. मी नेहमीसारखा माईकवर होतो. भोंगे लावणाऱ्याला मी एक भोंगा भीमनगराकडं वळवायला सांगितला. 'तिकडं कोण हाये ऐकायला?' तो म्हणाला. मी म्हणालो, 'हाये.' समोर खुर्चीत दिगंबर वस्ताद, आता फार म्हातारे, काठीवर हनुवटी टेकून. त्यांचा मुलगा कमिटीत, तो मला यानंतर पुन्हा बोलावणार नाही हे ठाऊक होतं. शेवटच्या जोडीच्या आधी मी हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली. लोकांना वाटलं, आता नाव येणार. म्हणून सगळे गप्प झाले.

मी म्हणालो, 'मंडळी, ही जोड पुकारायच्या आधी मागची एक दुरुस्त करायची हाये. ह्याच मातीत मिलिंद किसन खंदारे लढला होता. तुमी त्याला भिंगरी म्हणून ओळखता. तो डोंगरकड्याचा न्हाई, आपल्या गावचा. तुमी विचारलं होतं पठ्ठा कोणाचा, अन् मी दिगंबर वस्तादांचा म्हणालो. ते खोटं होतं. वस्तादांनी त्याला एक डावबी शिकवला न्हाई. तो किसन खंदारे यांचा पठ्ठा. हे मला तवाबी ठाऊक होतं. किसनकाका, मिलिंद, मला माफ करा.'